जुलैचा हप्ता

जानेवारीच्या मध्यावर बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली म्हणून जोलीन टेस्मरने सकाळी आठच्या ठोक्याला कर्जाच्या कंपनीला फोन लावला. कंपनीने तो नऊ वाजून चाळीस मिनिटांनी उचलला. मधल्या वेळात तिने भांडी घासली, दारातलं बर्फ दोनदा उपसलं आणि वडिलांच्या आठवड्याभराच्या गोळ्या डबीत भरल्या. फोनमधून पियानोचा एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजत होता. टेबलापाशी मासेमारीच्या गळाचं रीळ उघडून बसलेले तिचे वडील, व्हर्नन, एव्हाना त्या तुकड्याच्या तालावर खोकायला लागले होते.

जोलीन टॅमरॅक फॉल्सच्या सरकारी शाळेत ग्रंथपाल होती. शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज सरकारी होतं, आणि सरकारी नोकरीत राहून एकशे वीस हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, असा नियम होता. पैसे सरकारचेच, पण ते मागणं, मोजणं आणि कर्जदाराला फोनवर ताटकळत ठेवणं ही कामं सरकारने एका कंपनीकडे सोपवली होती. त्यातलं शेवटचं काम कंपनी फार मन लावून करायची.

या एकशे वीसवर जोलीनचं लग्न अडलं होतं. रसेल कोवाल्के हा दुधाचा टँकर चालवणारा शांत माणूस. दोघांच्या साखरपुड्याला आठ वर्षं झाली होती. हप्ता कमाईवरून ठरायचा, त्यामुळे लग्न झालं की रसेलची कमाई जोलीनच्या खात्यात धरणार आणि एकसष्ट डॉलरचा हप्ता दोनशेच्या वर जाणार. म्हणून दोघांनी ठरवलं होतं की आधी माफी, मग लग्न. गावाने विचारणं कधीच सोडून दिलं होतं. व्हर्नन मात्र रसेलला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणत आणि रसेल पहिल्या दिवसापासून लाजत असे.

व्हर्ननना आता थांबायला वेळ नव्हता. कागदगिरणीत सदतीस वर्षं काढून त्यांच्या फुप्फुसांचा लगदा झाला होता. डॉक्टर म्हणाले होते की उन्हाळा दिसेल, पण उन्हाळ्याचा कुठला भाग ते विचारू नका. व्हर्ननची एकच इच्छा होती. जोलीनचा हात धरून तिला चर्चमध्ये रसेलपर्यंत पोचवायचं. त्यासाठी आठ वर्षांपूर्वी घेतलेला काळा सूट कपाटात प्लास्टिकमध्ये लटकत होता. जोलीनच्या वहीप्रमाणे एकशे अठरा हप्ते झाले होते. मार्चमध्ये एकशे वीस, जूनमध्ये लग्न.

"मॅडम, तुमचे मोजलेले हप्ते सत्त्याऐंशी," फोनवरचा डेस्मंड म्हणाला. त्याचा आवाज अतिशय सौजन्यपूर्ण होता. वाईट बातम्यांसाठी कंपन्या असेच आवाज पाळून ठेवतात.

"एकशे अठरा," जोलीन म्हणाली.

"सत्त्याऐंशी."

"अहो, भाजी घेतोय का आपण? माझ्याकडे वही आहे. दर पंधरा तारखेला एकसष्ट डॉलर. एकही चुकवलेला नाही मी."

"बरोबर आहे मॅडम, एकही चुकलेला नाही. तोच तर घोळ आहे."

मग डेस्मंडने समजावलं. अडीच वर्षांपूर्वीच्या जुलैत जोलीनच्या खात्यात दोन हप्ते आले. त्यामुळे ती एक महिना पुढे गेली. ऑगस्टमध्ये तिचं देणं शून्य होतं, तरी तिने भरलं. म्हणून सप्टेंबरचं देणं शून्य. तेही तिने भरलं. तेव्हापासून ती दर महिन्याला, काहीही देणं नसताना, अगदी वेळेवर पैसे भरत होती.

"मग चांगलंच आहे की!" जोलीन म्हणाली.

"फारच चांगलं. पण नियमात फक्त देणं असलेला हप्ता मोजतात. तुमचं देणंच नव्हतं. जुलैपासूनचे एकतीस महिने जमा आहेत, पण मोजलेले नाहीत. जुलैचे दोन आले म्हणून तो महिनाही अडकलाय."

जोलीनने खुर्ची ओढली आणि बसली. "पण मी एका महिन्यात दोनदा कशाला भरेन?"

"एकच तुम्ही भरलात. दुसरा चेकने आलाय. पासष्ट डॉलर. खाली नाव आहे... व्ही. टेस्मर."

जोलीनने टेबलाच्या पलीकडे पाहिलं. व्ही. टेस्मर यांनी डोकं जवळजवळ रिळात घातलं होतं.

"बाबा?"

"वाढदिवस होता तुझा," रिळातून आवाज आला.

"बाबा, तुम्ही माझ्या कर्जात पैसे भरलेत?"

"मग काय स्वेटर आणायचा होता? स्वेटर तू घालत नाहीस. म्हटलं, एक हप्ता भरून टाकू पोरीचा. वर चार डॉलर जास्त ठेवले. नीट काम करतील म्हणून."

"कंपनीला टीप दिलीत तुम्ही?"

"चारच डॉलर गं."

"पण मला सांगायचं तरी!"

"कार्डात लिहिलं होतं मी."

जोलीन उठली. ते कार्ड फ्रीजच्या दारावरच होतं. वर ट्राउट मासा, माशावर लोहचुंबक. अडीच वर्षं ती रोज दुधासाठी त्या माशाला हात लावत होती. तिने कार्ड उघडून वडिलांसमोर टेबलावर आपटलं. "हे बघा. छापील चार ओळींची कविता, आणि खाली 'बाबा'. कुठंय?"

व्हर्नननी चष्मा वर केला, खाली केला. "मग दुसरीकडे कुठेतरी लिहिलं असेल."

"कुठे? गिरणीच्या भिंतीवर?"

"मॅडम, मी लाइनवरच आहे," डेस्मंड म्हणाला.

डेस्मंडकडे दोन उपाय होते. पहिला म्हणजे एक महिना हप्ता भरायचा नाही. मग पुढे गेलेलं खातं जागेवर येईल आणि पुढचे हप्ते मोजायला सुरुवात होईल. गेलेले एकतीस गेले. हे ऐकून जोलीन अशी भडकली, जणू डेस्मंडने तिला शाळेच्या गल्ल्यात हात घालायला सांगितलं होतं. दहा वर्षांत तिने एक तारीख चुकवली नव्हती. टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या दिवशी तिने भूल उतरायच्या आधी हप्ता भरला होता.

दुसरा उपाय असा, की ज्याने जादा पैसे भरले त्याने स्वतः फोन करून ते चुकून भरले असं सांगायचं. मग ती रक्कम मागे घेता येईल आणि एकतीसच्या एकतीस महिने परत मिळतील.

"एवढंच?" जोलीन म्हणाली. "माणूस इथंच बसलाय. देते त्यांच्याकडे."

"त्यांना तुमच्या खात्यावर बोलायचा अधिकार नाही मॅडम. आधी तुम्ही तसं लेखी द्यायचं. फॉर्म टपालाने येईल."

फॉर्म तीन आठवड्यांनी आला. जोलीनने तो भरला, सही केली, पाठवला, आणि सही निळ्या शाईत होती म्हणून तो परत आला. काळ्या शाईतला फॉर्म मंजूर व्हायला फेब्रुवारी संपला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जोलीन शाळेत असताना, व्हर्नननी आता आपल्याला अधिकार आहे या आनंदात स्वतःच फोन लावला. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते आणि फार खूश दिसत होते.

"झालं काम," ते म्हणाले. "बाई फार चांगली होती. मी म्हटलं, मी आजारी आहे, पोरीची ओढाताण होतेय. तर लगेच म्हणाली, काही सवलत देऊ का? म्हटलं, द्या की."

जोलीनच्या हातातली पिशवी खाली आली. "कसली सवलत?"

"तीन महिने हप्ता नाही. काही भरायचं नाही, काही विचारायचं नाही. मी कुठं काय मागितलं? तिनेच दिली."

सवलतीचे महिने माफीत मोजत नाहीत, हे व्हर्ननना कोण सांगणार? कंपनीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण सवलत देणं सोपं, दोन मिनिटांचं काम, आणि नियम समजावून सांगणं लांबलचक. जोलीनने दुसऱ्या दिवशी फोन करून सवलत काढायला सांगितलं. सवलत ज्याने मागितली त्यानेच ती परत करायला हवी, असं उत्तर आलं. आणि चेकबद्दल तर त्या फोनमध्ये कोणी एक शब्दही बोललेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जोलीन वडिलांवर ओरडली. आधी चेक, मग सवलत. माझं लग्न तुम्हाला बघायचंय की मोडायचंय, असंही तिच्या तोंडून गेलं. व्हर्नननी ऐकून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "एक बरं आहे. माझं कर्ज माझ्याबरोबर मरतं."

जोलीनच्या पदवीसाठी त्यांनीही पालकांसाठीचं एक कर्ज काढलं होतं, ते अजून चालूच होतं. त्याचा नियम सोपा होता. घेणारा मेला की कर्ज संपलं.

"बघू, आपल्यात आधी कोण सुटतं," व्हर्नन म्हणाले आणि खोकत खोकत हसले. जोलीन हसली नाही.

त्यानंतर व्हर्ननना शेजारी बसवून तिने तीनदा फोन लावला, पण पियानोपलीकडून कोणी आलंच नाही, आणि एप्रिलमध्ये एक रंगीत पत्र आलं. त्यावर उगवता सूर्य होता. कंपनीने सरकारचं काम सोडलं होतं आणि जोलीनचं कर्ज आता दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं. 'या बदलासाठी आपल्याला काहीही करावं लागणार नाही,' असं त्यात लिहिलं होतं, आणि पुढच्या दोन पानांवर काय काय करावं लागेल याची माहिती होती. काळ्या शाईतला अधिकार जुन्या कंपनीबरोबर गेला. नवा फॉर्म, नवी सही, नवा पियानो. या पियानोत मध्येच एक पक्षी ओरडायचा.

तोवर व्हर्नन खुर्चीतून पलंगावर आले होते. नाकात प्राणवायूची नळी होती. बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, अंगणातला पक्ष्यांच्या दाण्यांचा फीडर दिसेल असा पलंग लावला होता, आणि रोज बर्नाडीन नावाची नर्स यायची. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी बर्नाडीनने जोलीनला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "लग्न कधी आहे म्हणालीस?"

"जूनच्या तेवीस तारखेला."

बर्नाडीनने उगाचच हात धुतले. "मी तू असते तर गुरुवारी उरकलं असतं," ती म्हणाली.

जोलीन फ्रीजला टेकून उभी राहिली. दहा वर्षं तिने एकशे वीसपर्यंत मोजत काढली होती. बर्नाडीनने तिला चारापर्यंत मोजायला सांगितलं होतं. मग तिने डोळे पुसले आणि लग्न लावायचा अधिकार असलेल्या काउंटीच्या न्यायाधीशबाईंना फोन लावला. तो पहिल्या घंटेला उचलला गेला, आणि जोलीन इतकी गोंधळली की तिने आधी आपल्या कर्जाचा खाते क्रमांकच सांगितला.

गुरुवारी दुपारी दोनला न्यायाधीशबाई आल्या. रसेल टँकर दारातच उभा करून आला होता. संध्याकाळी चार गोठ्यांचं दूध उचलायचं होतं. सूट व्हर्ननच्या अंगात घालता येण्यासारखा नव्हता, म्हणून बर्नाडीनने कोट तेवढा पांघरुणावर पसरला आणि टाय सदऱ्यावर बांधला. साक्षीदार दोन, बर्नाडीन आणि शेजारचे श्री. लुंडीन. चर्च नाही म्हणून काय झालं, व्हर्नननी हट्ट धरला होता की जोलीनने स्वयंपाकघराच्या दारातून निघायचं, पलंगापाशी यायचं, त्यांनी तिचा हात धरायचा आणि रसेलच्या हातात द्यायचा. पलंगापासून रसेल दीड फुटावर उभा होता.

जोलीन दारातून निघाली. व्हर्नननी तिचा हात धरला. आणि फोन वाजला.

नव्या कंपनीने सांगितलं होतं की आम्ही दोन ते चार आठवड्यांत कधीतरी, कामाच्या वेळेत, स्वतः फोन करू. तो चुकला की रांगेत पुन्हा शेवटी.

"घे," व्हर्नन म्हणाले.

"बाबा, आत्ता?"

"घे गं! एकतीस महिने आहेत ते. न्यायाधीशबाई कुठं पळून जात नाहीत."

न्यायाधीशबाईंनी पुस्तकात बोट घातलं आणि त्या खिडकीतून फीडरकडे बघायला लागल्या. फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे कॅमिल नावाची मुलगी होती. हा फोन नोंदवला जातोय, असं तिने आधी सांगितलं, मग व्हर्ननचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारला. व्हर्नननी श्वास घेत घेत सगळं बरोबर सांगितलं.

"सर, जुलैमधली पासष्ट डॉलरची ही रक्कम तुम्ही चुकून भरली होती का?"

जोलीनने जोरजोराने मान हलवली. 'हो' म्हणा, असं बर्नाडीननेही हाताने सांगितलं. एक शब्द बोलायचा होता.

"चुकून?" व्हर्नन म्हणाले. नळीतून हवा सूं सूं करत होती. "पोरी, मी आयुष्यात चुकून काय काय केलं त्याची यादी देतो तुला. हा चेक त्यात नाही. पोरीचा वाढदिवस होता. मुद्दाम भरला."



"बाबा!" जोलीनच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"अं? अच्छा, हो, हो. चुकून. चुकूनच भरला बाई. म्हातारा माणूस मी."

"सर, मला खरंच वाईट वाटतं," कॅमिल म्हणाली, आणि तिला वाटतही असावं. "पण आधीचं उत्तर नोंदलं गेलंय. मुद्दाम भरलेली रक्कम मागे घेता येत नाही. ही विनंती मी बंद करतेय. जोलीन मॅडम आहेत का? त्यांची वार्षिक माहिती अद्ययावत करायची आहे. मॅडम, तुमच्या वैवाहिक स्थितीत काही बदल?"

जोलीनने रसेलकडे पाहिलं. रसेल लाजला. तिने न्यायाधीशबाईंकडे पाहिलं, मग पलंगाकडे. व्हर्ननचा चेहरा पार उतरला होता. इतक्या दिवसांच्या दुखण्यानेही तो तसा उतरला नव्हता. त्यांनी तिचा हात अजून सोडला नव्हता.

"दोन मिनिटं थांबा," ती फोनला म्हणाली. "सांगते."

मग लग्न लागलं. कॅमिल लाइनवर होती, त्यामुळे खरं तर साक्षीदार तीन होते, आणि 'हो' दोघांनीही नोंदणाऱ्या फोनवर म्हटल्यामुळे आता ते मागे घेता येण्यासारखं नव्हतं. व्हर्नननी जोलीनचा हात दीड फूट पुढे नेऊन रसेलच्या हातात ठेवला. "घ्या जावईबापू," ते म्हणाले. "आठ वर्षं सांभाळून ठेवली." कॅमिलने अभिनंदन केलं आणि नवा हप्ता दोनशे बारा डॉलर असल्याचं सांगितलं.

व्हर्नन त्यानंतर बारा दिवस होते. त्या दिवसांत त्यांनी चार-पाचदा म्हटलं, "मी लिहिलं होतं गं." जोलीन दर वेळी म्हणायची, "असू दे बाबा, झालं ते झालं." पण ती हे माफ केल्याच्या आवाजात म्हणायची, आणि ते व्हर्ननना कळायचं.

दफन झाल्यावर तिने त्यांच्या मृत्यूचा दाखला त्यांच्या कर्जाच्या कंपनीला पाठवला. एक पान, एकदाच. नवव्या दिवशी उत्तर आलं. निळी शाई नाही, काळी शाई नाही, फोन नाही, पियानो नाही. दहा वर्षांत कर्जाच्या कुठल्याही कंपनीने एवढ्या झटपट केलेलं हे पहिलंच काम. पत्र व्हर्ननच्या नावाने होतं: 'अभिनंदन, श्री. टेस्मर! आपलं कर्ज माफ झालं आहे. शिल्लक शून्य. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

तो शुक्रवार होता, जूनची पंधरा तारीख. सवलत संपून पहिला हप्ता त्याच दिवशी जायचा होता. जोलीन पत्र घेऊन फ्रीजपाशी गेली. बाबांनी पैज जिंकली होती, तेव्हा ते दारावर लावायला हवं. लोहचुंबक एकच होतं. तिने ते ओढलं आणि ट्राउटचं कार्ड जमिनीवर पडलं, पालथं.

कार्डाच्या पाठीवर, जिथे छापखान्याचं नाव आणि किंमत असते त्याच्या वर, गिरणीतल्या खोक्यांवर लिहायचे तशा ठळक अक्षरात लिहिलं होतं:

'आत कवितेने सगळी जागा खाल्ली. जुलैचा हप्ता मी भरलाय. तू भरू नकोस. त्या पैशांत जावईबापूंना घेऊन शुक्रवारी मासे खायला जा. एक महिना तरी मोकळी राहा पोरी. — बाबा'

जोलीन तिथेच जमिनीवर बसली. तिने त्या जुलैत हप्ता भरला नसता, तर एक हप्ता आला असता, एकच मोजला गेला असता आणि मार्चमध्ये एकशे वीस झाले असते. चर्च झालं असतं, बाबा सूट घालून चालले असते. ते एकतीस महिने बाबांनी घालवले नव्हते. तिने घालवले होते, दर पंधरा तारखेला, वेळेवर. आणि जानेवारीपासून ती त्यांना बोल लावत होती.

रसेल टँकर लावून आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्याने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला हात देऊन उठवलं. बोलणं त्याला जमत नसे. त्याने टोपी काढली आणि तोंड धुऊन आला.

शुक्रवारी मासे खायची गावाची रीतच होती, त्यामुळे नदीकाठच्या खानावळीत गर्दी होती. तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा पाव. सगळं गाव तिथेच होतं आणि निम्म्या गावाने येऊन व्हर्ननबद्दल चांगलं बोलून घेतलं. लोक गेल्यावर रसेलला एकदम आठवलं आणि त्याचा काटा हातातच राहिला.

"अगं, आज पंधरा तारीख," तो म्हणाला. "हप्ता भरलास का?"

"नाही," जोलीन म्हणाली. "बाबांनी भरलाय."

आणि तिने माशावर लिंबू पिळलं.